स्वीडनचा दर मुलुंडला लावायचा का?

पत्र

मी बँकेतून निवृत्त झाले. मुलुंड पूर्वेला आम्ही दोघंच असतो. भांडी आणि केर-लादीला सविता येते, रोज साधारण सव्वा तास. महिन्याचे २,८०० रुपये देते, दिवाळीला एक पगार जास्तीचा. महिन्यात दोन खाडे धरत नाही, त्यापुढचे कापते. आमच्या विंगमध्ये हाच दर चालतो.

मुलगा स्टॉकहोमला आहे. त्याच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा सफाई कंपनीची बाई येते, तिचे तासाला २५० क्रोना जातात. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, तू सविताला महिन्याचे देतेस त्याहून जास्त आम्ही इथे दीड तासाचे देतो. इथे किमान वेतनाचा कायदा आहे. तुम्ही लोक शोषण करता." मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी शेजारणीला म्हटलं की सविताचे पैसे वाढवावेत, तर ती म्हणाली, "दर बिघडवू नका. तिचा नवरा रिक्षा चालवतो, घर त्याच्यावर चालतं."

घरकामाला सरकारी दर आहे का? नसेल तर योग्य रक्कम कशी काढायची? आणि ती सविताला विचारून ठरवावी की आपणच?

— शालिनी, मुलुंड (नाव बदललं आहे)

उत्तर

शालिनीताई,

आधी चिरंजीवांचा हिशेब तपासू. त्यांचा राग खरा आहे, पण आकडेमोडीत बरंच काही गळलंय, आणि जे गळलंय ते सगळं ते राहतात त्या देशातलंच आहे.

स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रिया आणि इटलीतही सरकार एक आकडा जाहीर करून मोकळं होत नाही. तिथे कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना दर काही वर्षांनी बसून आपापल्या क्षेत्राचे दर ठरवतात. स्वीडनमध्ये दहातले जवळजवळ नऊ नोकरदार अशा करारांखाली येतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये किमान वेतनाचा निर्देश आणला, तेव्हा स्वीडन आणि डेन्मार्कने विरोध केला. नुसत्या मालकांनीच नव्हे, तिथल्या कामगार संघटनांनीही. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही भांडून जास्त मिळवतो, सरकारने मध्ये पडून तळाची रेघ आखली की सगळे त्या रेघेलाच चिकटून बसतील. म्हणजे तुमच्या मुलाकडे येणाऱ्या बाईंचा पगार चांगला आहे तो कायद्याने नव्हे, तिच्यामागे संघटना आहे म्हणून. सवितामागे कोण आहे ते तुम्ही जाणताच.

दुसरी गोष्ट त्याला बहुधा ठाऊक असून बोलायची राहिली. तो २५० क्रोना देतो, पण कंपनीचं बिल ५०० चं असतं. उरलेले २५० सरकार भरतं. २००७ पासून तिथे घरातल्या कामांसाठी 'रूट' नावाची करसवलत आहे: मजुरीचा निम्मा खर्च ग्राहकाचा, निम्मा कंपनी कर खात्याकडून वसूल करते. हे काम तोपर्यंत बरंचसं चोरून, कर चुकवून चालायचं. ते उजेडात यावं हा त्यामागचा एक हेतू होता. फ्रान्समध्येही घरकामाच्या खर्चाचा निम्मा भाग करातून परत मिळतो आणि बेल्जियममध्ये २००४ पासून सरकारी अनुदानाची व्हाउचर चालतात. मध्यमवर्गीय घराला कामवाली परवडावी आणि तिला पगारही धड मिळावा, हा मेळ बाजाराने आपोआप घातलेला नाही. करदात्याच्या पैशाने घातला आहे. चिरंजीवांची नीतिमत्ता निम्म्या सवलतीत चालली आहे, हे पुढच्या कॉलवर प्रेमाने सांगायला हरकत नाही.

त्या ५०० मधलेही सगळे बाईंच्या हातात पडत नाहीत. ४०० वर २५ टक्के मूल्यवर्धित कर धरला की १०० क्रोना तिथेच गेले. उरलेल्या ४०० मधून कंपनीचा खर्च-नफा आणि पगारावर मालकाने भरायची ३१.४२ टक्क्यांची सामाजिक वर्गणी निघते. मग जो पगार हातात येतो त्यावर बाई स्वतः आयकर भरते. पण या कापाकापीतूनच तिला निवृत्तिवेतन मिळतं, आजारपणात पैसे मिळतात, आणि वर्षाला किमान २५ दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. नुसत्या तासाच्या दराकडे बघून हे दिसत नाही.

राहिला क्रोनाचा रुपया. बाजारभावाने क्रोनाचे नऊ-दहा रुपये होतात आणि मुलाने त्यानेच गुणलं. पण स्टॉकहोमच्या बाईला भाडं आणि दूध स्टॉकहोमच्या भावाने भरावं लागतं. अर्थतज्ज्ञ यासाठी क्रयशक्तीचा दर वापरतात: तेवढाच माल, तेवढ्याच सेवा दोन्हीकडे घ्यायच्या तर किती पैसे लागतील. त्या हिशेबाने क्रोना दोन-अडीच रुपयांच्या आसपास येतो. फुगा बराच खाली आला. पण थांबा, शेजारणीला सांगायची घाई करू नका. असा हिशेब करूनही तिथल्या बाईंचा तास सविताच्या तासाच्या कितीतरी पट भरतो. मुलगा गुणाकारात चुकला, पण त्याचं म्हणणं अगदीच हवेत नाही.

माझ्या मते दोन देशांची तुलना करायची तर चलन बाजूला ठेवून एकच विचारावं: काम देणाऱ्याच्या किती मिनिटांच्या कमाईत काम करणाऱ्याचा एक तास येतो? स्वीडनमध्ये इंजिनिअरला सफाईचा तास, सवलत धरूनही, खिशाला जाणवतो. म्हणून तो पंधरवड्यातून एकदाच बाई बोलावतो आणि एरवी बेसिन स्वतः घासतो. मुंबईत आपल्याला तो जाणवत नाही, म्हणून आपण दिवसाआड नव्हे, रोज लादी पुसून घेतो. तुम्ही तुमचं पेन्शन महिन्याच्या दिवसांनी भागून बघा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात घरकामासाठी किमान वेतनाचा दर आजवर ठरलेला नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा ठरावीक रोजगारांच्या यादीवर चालायचा. एखादा रोजगार यादीत घालणं राज्याच्या हातात असे. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाचे दर लावले. केरळ, राजस्थान, तमिळनाडूनेही लावले. आपण २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तो नोंदणी आणि मदतीचा आहे, पगाराचा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या वेतन कायद्यांच्या जागी वेतन संहिता लागू झाली आणि यादीची भानगड संपली, पण संहितेची भाषा 'आस्थापना', म्हणजे धंदा-व्यवसायाची जागा, धरून चालते. तुमचं स्वयंपाकघर आस्थापनेत बसतं का, याचा खल वकिलांना करू द्या. तोवर सविताची भांडी घासून होतात. जिनिव्हात २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही.

आणि कायदा असला म्हणजे झालं, असंही नाही. हाँगकाँगमध्ये २०११ पासून तासाचं किमान वेतन आहे, पण मालकाच्या घरी राहणाऱ्या कामवाल्या त्यातून वगळलेल्या आहेत. बाहेरदेशांतून आलेल्या बायकांसाठी वेगळा, मासिक आकडा असतो आणि त्यांना मालकाच्या घरीच राहावं लागतं. मग तास मोजणार कोण? दक्षिण आफ्रिकेनेही २०१९ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन तासाला २० रँड ठरवलं आणि घरकामाला १५ वर बसवलं. मात्र २०२२ मध्ये त्यांनी घरकामाचा दर इतरांच्या बरोबरीला आणला. त्यांच्या कायद्यात आणखी एक कलम आहे, ते मला फार शहाणपणाचं वाटतं: कामगाराला दिवसात चार तासांपेक्षा कमी काम दिलं, तरी पैसे चार तासांचे द्यायचे. तासाभराच्या कामासाठी माणूस अर्धा दिवस मोडतो, हे त्यांनी ओळखलं.

आता तुमचा हिशेब. सविता सव्वा तास येते, महिन्यातले २८ दिवस धरले तर ३५ तास. २,८०० भागिले ३५, तासाला ८० रुपये झाले. मुंबईतल्या अकुशल कामगाराचं किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो आणि आकडे कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावर लागतात. उद्योगागणिक थोडा फरक असतो, म्हणून नमुन्यासाठी १४,००० धरू. तुम्ही ताजा आकडा बघून बदला. २६ दिवसांनी भागलं तर रोजचे ५३८, आठ तासांनी भागलं तर तासाचे ६७.

शेजारीण म्हणेल, बघा, आपण ८० देतो, किमानापेक्षा वरच आहोत! नाही. कारखान्यातला माणूस एकदा आत शिरला की आठ तास सलग मोजले जातात. सविता कळव्याहून येत असेल नाहीतर भांडुपहून, सकाळी सातला निघून पाच घरं करत असेल, तर एका घरातून दुसऱ्या घरी जाणं, लिफ्टची वाट बघणं, 'अजून उठले नाहीत, अर्ध्या तासाने ये' हे सगळं तिच्या खात्यात जमा होतं, आणि बिनपैशाचं. आठ तास घराबाहेर आणि पैसे सहा तासांचे, असं धरलं तर ६७ चा दर आठ बटे सहाने वाढवावा लागतो. म्हणजे तासाला ९० रुपये, महिन्याचे ३,१५०.

शिवाय कारखान्यातल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी असतो, कर्मचारी राज्य विमा असतो, रजा असते. हिला यातलं काहीच नाही. इथे ऑस्ट्रेलियाची रीत उसनी घेऊ. तिथे ज्याला कायमची नोकरी नाही, भरपगारी रजा नाही, अशा कामगाराला तासाच्या दरावर साधारण २५ टक्के जास्त द्यावे लागतात. रजा देत नाही ना, मग तिची किंमत रोख मोज, असा तो सरळ व्यवहार. ९० वर २५ टक्के चढवले की महिन्याचा आकडा ३,९०० च्या आसपास जातो.

म्हणजे कोरडा हिशेब ३,१५० ते ३,९०० च्या मध्ये कुठेतरी बसतो. तुम्ही रजा किती देता त्यावर वरखाली होईल. मी तुमच्या जागी असते तर ३,५०० रुपये आणि महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या असं ठरवलं असतं. दिवाळी आहे तशीच राहू द्या, त्यात उपकार वाटून घेऊ नका. इटलीत घरकामाच्या राष्ट्रीय करारात तेरावा पगार हक्काचा आहे, आणि आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्यात होते आणि आता वेतन संहितेत आले ते ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक पगारच. वाढ दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करा, तिने मागायची वाट न बघता.

सुट्टीवर मी जरा हट्ट धरते आहे, कारण हा पैशाहून जुना तंटा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या. त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार वेळेवर मिळावा अशा मागण्या होत्या. १८९० मध्ये गिरण्यांना रविवार मिळाला. त्याच शहरात घरकामाला येणाऱ्या बाईला आजही रविवारी पाहुणे म्हणून जास्तीची भांडी असतात. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि त्यांच्या मागण्यांत पगाराच्या जोडीला सुट्टी होतीच. तुम्ही दोनांवर खाडे कापता ते मला पटलं नाही. आठवड्याला एक सुट्टी द्या, ठरलेल्या वाराची, म्हणजे तुमचीही आदल्या रात्री तयारी होईल. तिच्या घरी कोणी आजारी पडलं तर त्याचे दिवस वेगळे.

नवरा रिक्षा चालवतो, हा मुद्दा मात्र कानाआड करा. शेजारणीच्या यजमानांचा पगार ठरवताना कंपनीने 'बायको शिकवण्या घेते ना?' असं विचारलं नसेल. आपल्याकडे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची जी मोजपट्टी आखली, त्यात एका कमावत्या माणसावर तीन प्रौढ माणसांइतका खर्च धरला आहे. प्रौढ माणसामागे रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, भाडं, सरपण. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. कमावणारी बाई असेल तर तिचा दर कमी धरावा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तसं आपण म्हणतो.

'दर बिघडवू नका' याला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण एकटीने वाढवलं की विंगमध्ये कुजबुज होते, आणि ती सविताच्या अंगावर येते, तुमच्या नाही. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेची गोष्ट शेजारणीला जरूर सांगा. तिथे २००६ मध्ये घरकामगारांचा कायदा झाला, आठवड्याला ४४ तासांची मर्यादा आली, आणि २००८ मध्ये पगार ठरवायला तीन बाजू एका टेबलाशी बसल्या: सरकार, घरकामगारांची संघटना, आणि मालकांच्या बाजूने कोण, तर गृहिणींची संघटना! म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या बायका. घासाघीस झाली, करार झाला. १८९ क्रमांकाच्या कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देशही उरुग्वेच. तुमच्या विंगमध्ये हे करायला कायदा लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगवर सभा भरते, लिफ्टच्या रंगावर तास जातो. एकदा तिथेच बायांना खुर्च्या देऊन बसवा आणि कामामागे किमान दर, सुट्ट्या आणि दरवर्षीच्या वाढीचा महिना एवढं ठरवा. सगळ्या घरांनी एकदम वाढवलं तर दर बिघडला असं कोणी म्हणत नाही.

काही कागदांची कामंही आहेत, आणि ती पगारवाढीइतकीच मोलाची. सविताची घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का विचारा. तिला तुमच्या सहीचा, ही आमच्याकडे काम करते असा दाखला लागेल, आणि पुष्कळ घरं नेमकी तो द्यायला कचरतात, उगाच कसलातरी कायदा लागेल म्हणून. काही लागत नाही, सही करा. २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांत सरकारने घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले ते नोंदलेल्यांनाच. नोंद नसलेल्या नुसत्या ऐकत राहिल्या. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी यादीतली नोंदणीही फुकट आहे. तिचं वय चाळिशीच्या आत असेल तर प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना बघा: वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये ती भरते, तेवढेच केंद्र सरकार घालतं, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० मिळतात. तिचा हप्ता चिरंजीवांना भरू द्या. वर्षाचा हप्ता त्यांच्या सफाईच्या एका तासाइतकाच येईल, फार तर थोडा वर.

आता शेवटचं, विचारून की न विचारता. विचारा, पण 'किती वाढवू?' असं नको. त्यावर ती 'तुम्ही द्याल ते' म्हणेल, कारण जास्त मागितलं तर काम जाईल आणि कमी मागितलं तर पस्तावेल. ३,५०० चा आकडा तुम्हीच सांगा आणि मग विचारा की सुट्टीचा वार कोणता, पैसे एक तारखेला हवेत की आठवड्याला, आणि पुढे कधी उचल लागली तर ती किती महिन्यांत फेडायची. एवढं वहीत लिहा, दोघींनी सही करा, तिचा कागद तिच्याकडे द्या. ती शेजारच्या घरी तो दाखवेल. दाखवू द्या.